ढोल्याने कोंबडी मारली नव्हती

प्रिय तुळशी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? आठवीत आपल्या दोघींचं अक्षर इतकं सारखं होतं की शाळेतल्या सिस्टर तुझी वही मला आणि माझी तुला द्यायच्या. परवा अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात आपल्या वर्गातली प्रतिभा भेटली. तुझा शहाडचा पत्ता तिनेच दिला. तुझे बाबा, माझे काका, अंथरुणाला खिळलेत, तू त्यांचं सगळं मायेने करतेस. पण तुमच्या ढोल्याला ते सोडून आले त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलतेस, असं म्हणाली. पंचेचाळीस वर्षं, तुळशी! एका कुत्र्यापायी!

कारखान्याच्या क्वार्टर्सचं ते मागचं अंगण तुला आठवत असेलच. तुमची मोरी, आमचं खुराडं आणि मध्ये पसरलेला ढोल्या. आमच्या कोंबड्यांबरोबर एकाच पातेल्यातला भात खायचा. पिलं त्याच्या पाठीवर चढली तरी डोळा उघडायचा नाही. "हा कुत्रा कसला, दाई आहे दाई!" असं तुझी आई म्हणायची. शनिवारी अर्धी शाळा सुटली की गणवेशाचा स्कर्ट चुरगळेल म्हणून आपण दोघी त्याच्याशेजारी उकिडव्या बसून चिंचा खायचो. आणि अशाच एका शनिवारी दुपारी माझ्या आईची तांबडी कोंबडी खुराड्यात मरून पडली. तोंडाला रक्त लागलेला कुत्रा पुन्हा सुधारत नाही, उद्या पोरांना चावेल, असं सगळी क्वार्टर्स म्हणू लागली. संध्याकाळी काकांनी त्याला सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि बारवीच्या रस्त्याला दूर सोडून आले. तू आठ दिवस फाटकाशी ताट घेऊन बसलीस. अर्धी पोळी त्याच्यासाठी ठेवायचीस. मग तुम्ही शहाडला गेलात.

निवृत्तीनंतर बदलापूरला मीही तीन कोंबड्या पाळल्या. हसशील, पण त्यांना मी आपल्या सिस्टरसारखी इंग्रजीतून दटावते. मंगळवारी भर दुपारी त्यातली एक मेली. घरकामाला बारवीकडच्या पाड्यावरून रखमा येते. मी सवयीने म्हणाले, गल्लीतला कुत्रा असेल. तिने कोंबडी उलटीपालटी केली, मानेवरची पिसं फुंकरीने बाजूला केली. "बाय, कुत्र्याच्या नावाने उगाच बोंब मारू नका. कुत्रा असता तर अंगणभर पिसं उडली असती, हाडं मोडली असती. रानमांजर असतं तर उचलून नेली असती. ही बघा, मानंला दोन दात, बाकी अंगाला काय नाय. मुंगूस हाय ह्यो. भर दुपारचा येतो, जराशी फट पुरते त्याला." मला आमची तांबडी आठवली. तीही अशीच पडली होती. मानेवर थोडं रक्त आणि एकही पीस विस्कटलेलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. त्या दिवशी खुराड्याची खिट्टी लावायचं काम माझं होतं आणि तुझ्याकडे यायच्या घाईत मी ती लावली नव्हती. बाबांनी डोळे वटारले तेव्हा मी सांगितलं, ढोल्याला आत तोंड घालताना पाहिलं. तुळशी, मी काहीच पाहिलं नव्हतं. त्यानेच मारली असेल, मग मी खोटं बोलले तरी काय बिघडलं, अशी इतकी वर्षं मनाची समजूत घातली. तीही आता उरली नाही. काकांना त्या संध्याकाळी खरं वाटत नव्हतं. सायकल भिंतीला लावून ते माझ्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "कुंदा बाळ, तू नक्की पाहिलंस ना? तू सांगशील तेच मी खरं धरीन." मी मान हलवली. एका मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. माझ्यावर हवं तितकं रागव, उत्तरही देऊ नकोस. पण हे पत्र आजच त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाच. त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
कुंदा