आखाजीच्या गाण्यातला हात

मास्तर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्यावर रागवायला मी गेल्या मंगळवारी सुरुवात केली. एवढी वर्षं मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलत आले. मुलगी विचारायची, आई, तुला कीबोर्ड कोणी शिकवला? मी कौतुकाने सांगायचे, लिंबायतला आमचे एक मास्तर होते, कडक होते पण देवमाणूस. आता तो शब्द घशाखाली उतरत नाही, आणि तिला खरं सांगायचं तर तोंड उघडत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही उलट बोलणार नाही, एवढी तरी सोय आहे.

झालं असं की तुमचं आखाजीचं गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं म्हणून सुरतेतल्याच उधन्याची एक गायिका माझ्याकडे आली. मी हल्ली हीच कामं करते. स्वयंपाकघराला लागून टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर आणि छोटा कीबोर्ड. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी लोकांच्या गाण्यांना ट्रॅक बनवून देते. कुकर तुम्हीच लग्नात दिलेला, पण ते असो. जुनी फाइल मिळाली तर बरं, म्हणून मी तुमच्या घरी काकूंकडे गेले. काकूंनी पलंगाखालून तुमचा कॉम्प्युटर ओढून काढला, पदराने त्याची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "हाई तूच लई जाय माय. तेस्नी तुले किती मन लाइसन शिकाडं व्हतं." मी मान डोलावली. तोवर मलाही तसंच वाटत होतं.

तुमचा स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. आवाज अडवायला भिंतींना नापास साड्यांची गाठोडी रचलेली, तरी शेजारच्या खात्यातल्या, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातल्या, लूम्सची खटखट आत यायचीच. गाणं म्हणणाऱ्यांना तुम्ही खात्याच्या सुट्टीच्या दिवशीच बोलवायचात. पण कीबोर्डचं काम कधीही चालायचं, कारण ते मिडीवर व्हायचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला समजावलं होतं की मिडीत आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात आणि किती वेळ, एवढंच कॉम्प्युटर लिहून घेतो. वाजवायचं कोणत्या वाद्यात ते नंतर ठरवायचं. मला ते भारी वाटलं होतं. एकोणीस वर्षांची होते मी. सकाळभर घरी मशीनवर साड्यांना लेस लावायची आणि दुपारी तुमच्याकडे यायचं. त्या लेसच्या मशीनची सुई एकदा माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून ते बोट हळू पडतं आणि उशिरा पडतं. कॉर्डमधला, म्हणजे एकदम दाबायच्या तीन सुरांतला, मधला सूर नेमका त्याच बोटाच्या वाट्याला येतो, आणि कॉर्ड हसरी की उदास हे तोच सूर ठरवतो. "तुना मझारला सूर मरी जास," तुम्ही रोज म्हणायचात, आणि मी रोज त्या बोटाला दामटायचे.

तो दिवस मला अजून दिसतो. उन्हाची दुपार आहे, तुम्ही पायजम्यावर ठेका धरून आखाजीची चाल गुणगुणताय. सुरतेत दिलेली लेक भावाची वाट बघते, तो आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी न्यायला येईल म्हणून, असं ते गाणं. तुम्ही दोनच कॉर्ड्स फिरवताय, सगळ्या हळदीच्या गाण्यांत असतात तशा. मी विचारते, मास्तर, मी एकदा वाजवू? तुम्ही रेकॉर्डिंगचं बटण दाबता आणि पाणी प्यायला उठता. मी अंतऱ्याला हसऱ्या सीच्या जागी उदास ए मायनर घेते, मग एफ, मग जी, आणि ती पोरगी दारात उभी राहिलेली मला अक्षरशः दिसते. वाजवून होतं. तुम्ही दारातून ऐकत असता. तोंडातलं पाणी गिळून तुम्ही म्हणता, "लोके नाचाले येतस, रडाले नही. तुले कानच नही पोरी. तू आपली लेस शिव."

एवढंच. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही शांतपणे सांगितलंत, डॉक्टर सांगतो तसं, आणि मी ते तसंच मानलं. दुसऱ्या दिवसापासून मी आले नाही आणि तुम्ही बोलावलंही नाही. पुढची तेरा वर्षं मी एका पट्टीला बोट लावलं नाही, मास्तर. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला ट्रॅक करायला कोणी नव्हतं म्हणून मोबाईलवर खुडबुड सुरू केली, तीही चोरून, स्वतःपासून चोरून.

वर्षभरात गाणं आलं आणि गल्लोगल्ली वाजू लागलं. तुमचं नाव झालं. लोक म्हणायचे, नाचताना मध्येच घशात काहीतरी येतं बुवा या गाण्यात. आता तुम्ही विचाराल, तेव्हा तुला कळलं नाही का? कळलं ना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंतऱ्याला अंगावर काटा आला, आपलंच आहे असं वाटलं. आणि लगेच वाटलं, तुला कुठे कान आहे? ज्याला कानच नाही त्याने ओळखलं तरी ते खरं कसं धरायचं? माझ्या हळदीला तेच गाणं लावलं होतं. तुम्ही मांडवात खुर्चीवर बसला होतात, कुकरचा खोका मांडीवर. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "सुखी राय." मी वाकून तुमच्या पाया पडले आणि मग मैत्रिणींबरोबर माझ्याच कॉर्ड्सवर नाचले. तुम्ही बघत होतात. मला हे सगळ्यात जास्त लागतं, चोरीपेक्षाही. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही जेवूनसुद्धा गेलात. एवढे आतल्या गाठीचे असाल असं कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी फाइल उघडली. जुने आवाज नव्या सॉफ्टवेअरला सापडले नाहीत, त्यामुळे आधी काही वाजलंच नाही. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा, एकेका सुराची एकेक, आणि खाली प्रत्येक सुराच्या जोराची उभी काडी. रेघा अगदी ओळीत होत्या; म्हणजे तुम्ही क्वान्टाइज केलं होतं, मागेपुढे पडलेले सूर तालावर आणून बसवले होते. उशिरा पडणारं बोट तुम्ही बरोबर वेळेवर आणलंत. पण क्वान्टाइज फक्त वेळ सरळ करतं, जोराला हात लावत नाही. खालच्या काड्या बघितल्या आणि पोळपाटावरचं पीठ तसंच टाकून मी खुर्चीत बसले. बाहेरचे दोन सूर ऐंशीच्या घरात, मधला चाळीस. पुढची कॉर्ड, मधला अडतीस. त्याच्या पुढची, मधला बेचाळीस. अख्ख्या गाण्यात. तुम्ही पुन्हा वाजवायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. माझाच हात उचललात, सरळ केलात आणि त्यावर स्वतःचं नाव घातलंत. याला केसाने गळा कापणं म्हणतात, मास्तर. मी पीठ झाकून ठेवलं आणि खूप रडले. त्या दिवशी घरात पोळ्या झाल्या नाहीत.

काल गायिकेने विचारलं, संगीत कोणाचं लिहू? मी मेसेज लिहायला घेतला की चाल मास्तरांची, कॉर्ड्स सगळ्या माझ्या. 'सगळ्या' लिहिल्यावर वाटलं, एकदा शेवटपर्यंत तपासून घ्यावं, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. आणि अंतऱ्याच्या शेवटी, मुखडा परत यायच्या जरा आधी, एका कॉर्डच्या तीनही काड्या सारख्या उंच दिसल्या. तो हात माझा नव्हता. मी तिथे साधी एफ घेतली होती, मला पक्कं आठवतं. तुम्ही ती पुसून उदास एफ मायनर घातली होती. लोक रडायला येत नाहीत म्हणणाऱ्या माणसाने.

मी माउसने तो मधला सूर धरला, अर्धा सूर वर ओढला आणि माझी एफ परत बसवली. आता गाणं पुरतं माझं झालं होतं, कोणाचं काही देणं नव्हतं. तीनदा ऐकलं. मग तुमची कॉर्ड जागेवर ठेवली आणि मेसेजमधला 'सगळ्या' खोडून 'एक सोडून' असं लिहिलं. हे पत्र मी काकूंना दाखवणार नाही. पुढच्या वेळी भेटल्यावर त्या विचारतील, काही सापडलं का, तर फाइल सापडली एवढंच सांगेन. तुम्हाला माफ केलेलं नाही. पण तुमची कॉर्ड माझ्या कॉर्डपेक्षा चांगली आहे, आणि हे मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पुढच्या दोन वेळा मी नुसती भांडायला ऐकत होते.