टिलीचं कोपर

सोमवार, १४ सप्टेंबर १९८७

प्रिय टिली,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. समोरासमोर दोन घरं, मध्ये एक रस्ता, आणि तुझं पत्र मात्र गावच्या पोस्टात जाऊन, शिक्का खाऊन माझ्या पेटीत आलं. पोस्टमन लिओ हसत म्हणाला, "काय गं एल्विना, रस्ता ओलांडायला हिला तिकीट लागतं का?" मी म्हटलं, लागतं. म्हणून मीही तिकीट लावूनच पाठवते आहे.

इकडे ठीक आहे. एमिलचं सूर्यफूल अजून कापणीवाचून शेतात उभंच आहे, त्यामुळे तो सारखा आभाळाकडे बघतो आणि बायकोवर, म्हणजे माझ्यावर, चिडतो. काल आईच्या पद्धतीने आलुबुखार घालून कूखनचा केक भाजला, खालून जरा करपला. तुझ्या गुडघ्याचं पास्टरबाईंकडून कळलं. मागच्या पायऱ्या उतरताना कठडा धरत जा, हट्ट करू नकोस.

आता तुझ्या अर्जाविषयी. गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत रस्तेखात्याची सुनावणी आहे. खात्याला हायवे नाकासमोर न्यायचा आहे, म्हणजे तुझ्या घरावरून. तो तसा जाऊ नये म्हणून मी सही करावी, आणि उभं राहून दोन शब्द बोलावेत, असं तू लिहितेस. "तू बोललीस तर लोक ऐकतील." माझंच का ऐकतील, ते तू लिहिलं नाहीस.

हा रस्ता एका जागी कधी राहिलाय, टिली? आपण लहान होतो तेव्हा तो शेतांच्या बांधाबांधाने, काटकोनात वळत, थेट गावातून जायचा. बाबांच्या दुकानापुढे गाड्यांची रांग असायची. मग खडी पडली, रस्ता गावाबाहेर सरकला आणि दुकानाकडे चिटपाखरू फिरकेना. बाबांनी दुकानाला कुलूप लावलं, इथे शेतावर आले आणि म्हणाले, "रस्ता आणि जावई, दोन्ही आपल्या मनासारखे येत नाहीत." तेव्हा त्यांना अजून जावई यायचा होता.

चोपन्न साली डांबर आलं. राइनहोल्ड तेव्हा खात्यात मोजणीला होता, तुमचं लग्न नवं होतं. नकाशावरची रेघ त्याच्या बापाच्या दगडी घरावरून जात होती. पंधरवड्यात रेघ वाकली आणि आमच्या बाजूला सरकून बाबांच्या झाडांवरून गेली. वारा अडवायला लावलेली ती झाडं बाबांनी दुष्काळात बादल्यांनी पाणी घालून जगवली होती. याच टेबलाशी बसून राइनहोल्ड म्हणाला होता, "बाबा, झाडं पुन्हा लावता येतात, घर पुन्हा मिळत नाही." बाबा म्हणाले, "मग लाव." त्याने लावली नाहीत. आजही वारा स्वयंपाकघराच्या खिडकीवर आपटतो.

आणि तुला किती मिरवायला आवडायचं ते! प्रत्येक लग्नात, दोन ग्लास पोटात गेले की राइनहोल्ड खुर्चीवर उभा राहायचा: "लोक बायकोला अंगठी देतात, मी रस्ता वाकवून दिला!" तू लाजायचीस. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. गावाने त्या वळणाला टिलीचं कोपर म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच हिवाळ्यात धान्याचा ट्रक खड्ड्यात गेला, मग पास्टरची गाडी, मग तो बायबल विकणारा. "टिलीने अजून एकाला कोपर मारलं," म्हणत लोक पोट धरून हसायचे. तू त्या बिचाऱ्यांना आत बोलावून कॉफी द्यायचीस. कॉफी तू चांगलीच करतेस.

यापुढचं मला लिहायचं नव्हतं. सूर्यफूल, कूखन, गुडघा एवढंच लिहून, "सही करणार नाही" म्हणून पत्र संपवायचं ठरवलं होतं.

पंच्याहत्तरच्या मार्चमध्ये आमच्या डॅरेलला कोपर लागलं, तेव्हा कोणी हसलं नाही. ईस्टरसाठी येत होता. आमच्या फाटकाचा दिवा त्याला तिथून दिसत असणार. आमच्याआधी तू पोचलीस. तुझी लग्नातली गोधडी त्याच्यावर घातलीस आणि बर्फात गुडघे टेकून बसून राहिलीस. त्यासाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे, हे आजवर बोलले नाही, आज लिहिते.

पण अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात तू शेजारच्या लिडियाला म्हणालीस, "पोरं वाऱ्यावर स्वार असतात गं. जरा हळू आला असता तर..." मी तुझ्या मागेच होते, हातात कॉफीची किटली घेऊन. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तेच बोलत होतं. डॅरेल जोरात चालवत होता. एमिलसुद्धा एकदा म्हणाला, "असेल गं जोरात," आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण शेवटी मीही तेच मानलं. सख्ख्या बहिणीला दोष देण्यापेक्षा पोराला देणं सोपं होतं. तो ऐकायला नव्हता.

गेल्या महिन्यातल्या पहिल्या बैठकीला तू गुडघ्यामुळे आली नाहीस. खात्याचा नवा इंजिनियर नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "हे वळण कुठल्याच नियमात बसत नाही. पाटीवरच्या वेगाने इथून कोरड्या रस्त्यावरही गाडी नेणं अवघड. बर्फात तर विचारूच नका."

लिडियाचा नवरा अर्विन म्हणाला, "म्हणजे सावकाश चालवायला पाहिजे, असंच ना?"

"नाही साहेब. म्हणजे रस्ता असा बांधायलाच नको होता."

एमिलने टोपी काढून तोंडावर धरली. बैठक संपेपर्यंत ती खाली केली नाही. घरी येताना ट्रकमध्ये एवढंच म्हणाला, "मी उगाच त्याला नावं ठेवली."

आणि त्यानंतर तुझा अर्ज आला. त्यातलं तिसरं वाक्य: "या वळणावर झालेले सर्व अपघात चालकांच्या बेफिकिरीमुळे झाले आहेत." खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. मी ते चार वेळा वाचलं. अक्षर तुझंच आहे. मुद्दाम लिहिलं असतंस तर मी रस्ता ओलांडून आले असते आणि तुझ्याशी कडकडून भांडले असते. पण तू मुद्दाम लिहिलं नाहीस. लिहिताना तुला तो आठवलाच नाही. हे मला गिळता येत नाही, टिली.

तुझं घर मला परकं नाही. तुझी मुलं तिथे जन्मली, राइनहोल्ड त्याच पुढच्या खोलीत गेला. ते पाडताना मलाही बघवणार नाही. तरीही गुरुवारी मी उभी राहणार आहे. रस्ता सरळ करा म्हणेन, डॅरेलचं नाव घेईन आणि बसेन. राइनहोल्डचं नाव घेणार नाही. लोकांना ते ठाऊक आहे, आणि तुला समोर बसवून मला ते बोलवणार नाही. अर्ज सोबत परत पाठवते आहे.

घर गेलं की तुझी मुलगी तुला फिनिक्सला नेईल, असं ऐकते. जाऊ नकोस. त्या उन्हात तुला करमायचं नाही. डॅरेलची खोली रिकामी आहे. पलंग चांगला आहे, जिनाही चढावा लागत नाही. ये. एमिलशी बोलले आहे, तो म्हणाला, "येऊ दे." फक्त एक सांगून ठेवते. डॅरेल जोरात चालवत होता, असं या घरात कोणी म्हणायचं नाही. तो घरी येत होता.

तुझी धाकटी बहीण आणि डॅरेलची आई,
एल्विना