आईशी बोलायचा आवाज

४ मार्च
सकाळची ड्युटी, संपली संध्याकाळी. पुढच्या पाळीची लीना आली नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, "सिस्टर, थांबाल ना जरा?" जरा! हडपसरच्या बसमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागली. घरात आम्ही मायलेकी दोघीच. आईने धापा टाकत भाकऱ्या थापून ठेवलेल्या. ओरडले तिच्यावर. मग त्याच जेवले.

७ मार्च
बारा नंबरच्या खाटेवरच्या आजी गेल्या. मुलाला सांगितलं, चादर बदलली, चहा प्यायले. चहात साखर कमी, त्याचाच काय तो राग आला. पूर्वी रडू यायचं. लीनाला विचारलं, तुला येतं का गं? म्हणाली, "रडायला वेगळी पाळी लावायला सांग." हसलो दोघी. पण...

११ मार्च
आईच्या खोकल्यात रक्त. आमच्याच वॉर्डात भरती. सगळे म्हणतात, बरं झालं, मुलगी जवळ आहे. सलाईन मीच लावलं. पहिल्याच टोचणीत नस सापडली, हात जरासुद्धा थरथरला नाही. थरथरायला हवा होता.

१३ मार्च
डॉक्टर सकाळी बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसात पसरलंय, फार काही करता येणार नाही. मी "बरं सर" म्हणाले. बरं काय, कपाळ!
संध्याकाळी गोळ्या देत आईपर्यंत आले आणि तोंडातून गेलं, "आजी, तोंड उघडा. काही नाही, होईल बरं." आजी! जन्मदात्रीला!
तिने गोळी गिळली. मग म्हणाली, "सुमे, पल्याडच्या म्हातारीलाबी सकाळी हेच म्हनलीस. दुपारी गेली ती. मला काय झालंय ते खरं सांग."
मी सलाईनचे थेंब बघत राहिले.

१४ मार्च
रजा मागितली. मेट्रनबाई वाईट नाहीत, त्यांच्याकडे माणसंच नाहीत. म्हणाल्या, "आई इथेच तर आहेत तुमच्या. रजा कशाला?"
ड्युटी संपल्यावर युनिफॉर्म बदलला, घरची साडी नेसून तिच्याजवळ बसले. आज सांगायचंच. तोंड उघडलं तर पुन्हा तोच वॉर्डातला आवाज, गोड, गुळगुळीत. न सांगताच तिचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. घरी न्हाणीघरात एकटीच म्हणून पाहिलं, "आई, तू बरी होणार नाहीस." तेही डबा कधी येणार हे सांगावं तसं. माझा आवाज कुठे गेला, देव जाणे. भीती वाटते.

१७ मार्च
आईने विचारणं सोडलं. मला हाकही मारत नाही. पाणी हवं असलं तर शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुनेला सांगते. म्हटलं, मी मेले का? तर म्हणते, "तुला लई कामं हायेत."

१९ मार्च
लीना आजारी. परत डबल ड्युटी. दुपारी आईचं बीपी घ्यायला गेले. दंडाला पट्टा बांधला आणि पुढे काय करायचं तेच आठवेना. नुसती उभी. किती वेळ, कोण जाणे.
आईने माझं मनगट धरलं. "काय न्हाई सुमे. व्हईल बरं."
हुबेहूब माझा वॉर्डातला आवाज. टोमणा होता की माया, कळलं नाही. तिच्या कुशीत डोकं खुपसून विचारायचं होतं. तेवढ्यात नऊ नंबरने "सिस्टर" म्हणून हाक मारली.
गेले.