सातव्या गाडीचा दिवा

७ जुलै, सोमवार
आलो बाबा एकदाचे! लग्नानंतरची सहा वर्षं वरळीच्या बीडीडी चाळीत दादा-वहिनींच्या खोलीत काढली. आज परळला बायकोने, नूपुरने, स्वतःच्या खोलीचं कुलूप स्वतः उघडलं आणि बाईसाहेब चक्क नाचल्या. खोली गोदामाच्या पोटमाळ्यावर. खाली प्रफुल्लशेठच्या सात गाड्या, सगळ्या लग्नात नवरीला न्यायच्या. चातुर्मास लागला, तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणून गाड्यांना सुट्टी. तोवर त्यांच्या बॅटऱ्या जिवंत ठेवायच्या, एवढंच माझं काम. बारा वर्षं गॅरेजात वायरी ओढलेल्या माणसाला ही म्हणजे पेन्शनच!

८ जुलै
सहा गाड्यांची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवली. पंधरा दिवसांनी एकेकीला चार्जर लावायचा. मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर आकडा म्हणजे ठणठणीत, बाराच्या खाली म्हणजे बोंबलली. सातवी, मोतिया रंगाची, तिची गोष्ट वेगळी. चार्जर कायम चालू, आणि आतला छताचा दिवा विझता कामा नये. शेठना कारण विचारलं तर म्हणाले, तू दिवा बघ, बाकी डोकं चालवू नकोस.

चाव्या द्यायला आधीचे रखवालदार रमाकांतकाका आले होते. निघताना म्हणाले, शटर ओढताना गाड्यांना 'येतो' म्हणू नकोस, 'जातो' म्हण. आम्हाला हसू आवरेना. निघताना 'जातो' कोण म्हणतं? ते गेल्यावर नूपुरने मुद्दाम सातवीच्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, येते गं, मग गप्पा मारू. भारी मस्करीखोर आहे.

१९ जुलै
नूपुर दुपारचा चहा सातवीपाशी घेते. दोन कप नेते. विचारलं तर म्हणाली, एकटीला कंटाळा येतो रे. कोणत्या एकटीला, ते मी विचारलं नाही. गाढव आहे मी.

२४ जुलै
कंपाउंडची केबल जळाली. तीन-चार दिवस वीज नाही म्हणे. सातवी सकाळी १२.६ होती, दुपारी ११.८. एवढ्याशा दिव्याला एवढी वीज? छे! काहीतरी ओढतंय आतून.

दिवा मंद झाला तशी नूपुरने भाजी चिरता चिरता विळी बाजूला सारली, जिना उतरली आणि गाडीत जाऊन बसली. ओढून बाहेर काढलं तर म्हणाली, येते म्हटलंय ना मी तिला. हात बर्फासारखे गार. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून जोडली, दिवा उजळला, तर ही एकदम नेहमीसारखी. भाजी राहिलीच की, म्हणाली.

२५ जुलै
लालबागला रमाकांतकाकांना गाठलं. लहान मुलासारखे रडले. तीन वर्षांपूर्वी सातवीचे ड्रायव्हर तेच होते. लग्नाच्या हॉलच्या तळघरात गाडीची बॅटरी बसली, दारं लॉक, काळोख, आत दम्याची नवरी. 'दोन मिनिटांत येतो' सांगून मेकॅनिक शोधायला गेले, त्याला तास लागला. तोवर पोर गुदमरून गेली होती. दिवा असेपर्यंत ती गप्प असते. काळोख झाला की 'येतो' म्हणणाऱ्याला बोलावते.

शेठ फोन उचलत नाहीत. आणखी दोन बॅटऱ्या संपल्या.

२६ जुलै
नूपुरला दादरला तिच्या बहिणीकडे, अनुजाकडे सोडलं. मी परत पोचलो तर ती आधीच गाडीत. अनवाणी, तळपाय सोललेले. एका गाडीचं इंजिन चालू करून जंपर लावला — खोकली आणि बंद. टॉर्च आत ठेवला — विझला. पाचवी बॅटरी जोडली तेव्हा कुठे दिवा उजळला आणि ती बाहेर आली. आता एकच बॅटरी उरली.

२७ जुलै, सकाळ
११.९. वीज दुपारी येईल म्हणतात. यायलाच हवी. देवा, पाया पडतो —
नूपुरला वर खोलीत कोंडलंय. दार वाजवत नाही. हळूच सांगते, सोड ना रे, ती घाबरलीय. माझी बायको आहे ती. नाही देणार. नाही म्हणजे नाही.

दुपार
११.१. वीज नाही —
खोलीची कडी तुटली — ती गाडीत — ओढून काढली, पण गाडीचं दार लागेना, आणि नूपुर पुन्हा आत झेपावते — कितीदा ओढू —
मग मीच बसलो. म्हटलं, बाई गं, मी आलोय, हिला सोड.
दार लागलं. आपोआप.
वही खिशातच राहिली, म्हणून लिहितोय. नूपुर भानावर आली. काचेवर हात आपटतेय. तोंड हलतंय, आवाज नाही — ए वेडे, रडू नको, दादाकडे जा — काच फुटत नाही गं, हात कापून घेशील —
दिवा लाल. उदबत्तीच्या टोकाएवढा.
शेजारची गादी दबली. कोणीतरी सरकून मला नीट बसायला जागा केली, आणि आता माझा हात हातात —