विरजणाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक आहे, असा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी.

२. मागची शेड, मक्याच्या धाटांची कुट्टी करायचं यंत्र, साचे आणि भट्टी दोघांच्या सामाईक मालकीची. यातलं काहीही एकट्याने विकू नये. शेडच्या दारावर माझ्या पतींच्या हातचं 'आधी हात धुवा' लिहिलेलं आहे. रंग देताना तेवढी फळी सोडावी. मी ते अजून रोज वाचते आणि हात धुते.

३. धाटांच्या भुशाला बुरशीचं विरजण लावून साच्यात दाबलं, की आठवड्यात घट्ट ठोकळा होतो. भट्टीत वाळवल्यावर त्यात काचेचं सामान बांधून पाठवता येतं, थर्मोकोल लागत नाही. वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकावरून, शब्दकोश शेजारी घेऊन आम्ही नवराबायको हे शिकलो. धाकटे दीर तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, बुरशी लागलेलं लोक फेकून देतात, तुम्ही विकायला काढलंत." त्याच ठोकळ्यांचं स्टूल त्यांना द्यावं. आजवर ते त्याच्यावर बसूनच आम्हाला नावं ठेवत आले आहेत.

४. हे गेल्यावर मुलांचं शेडमध्ये पटेना. पुढे बोलणंही थांबलं. म्हणून विरजणाची वाटणी मी जिवंतपणीच केली. एक बरणी मुलाकडे, एक मुलीकडे. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याने द्यावं, टोमणा मारू नये.

गेल्या महिन्यात मुलाच्या बरणीत हिरवी बुरशी शिरली. तो माझ्याकडे आला.

"आई, तुझ्याकडे असेल ना थोडं?"

"संपलं. ताईकडे बघ."

"तिच्या दारात मी जाऊ?"

"नको जाऊस. धाटांचा ढीग बाहेर पडलाय, त्याला सांग कुजू नकोस म्हणून."

तो गेला. ताईने अर्धी बरणी दिली आणि वर ऐकवलं, "या खेपेला झाकण तरी नीट लाव, येड्या." हा टोमणा मी धरत नाही. तेव्हापासून दोघंही शेडमध्ये येत आहेत.

५. माझ्या फ्रिजमध्ये सगळ्यात मागे, फडक्यात गुंडाळलेली तिसरी बरणी आहे. ती आता पुढे आणून ठेवावी.

सही: या दोघांची आई

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, धाटं आणणारे ट्रॅक्टरवाले (यांनी कलम पाच वाचून आधी फ्रिज उघडून पाहिला, मग सही केली)

ठिकाण: शेडमधलं टेबल
दिनांक: सात मार्च