घाणेरड्यांच्या टेकाडापाशी रुतलेली जीप

तीर्थरूप थेल्मा आत्यास,

फ्रेझरचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तुझे कोबी आणि तुझी मांजर यांची खुशाली कळव (याच क्रमानं नको, मांजर रुसते). इकडे मेंढ्यांची कातरणी उरकली, मेंढ्या बऱ्या आहेत. माझं विचारू नकोस. म्हणजे विचार, पण मन घट्ट करून.

आयोना आपलं सगळं विकून न्यूझीलंडला बहिणीकडे कायमची निघाली आहे, हे तुला ठाऊक आहेच. ती माझी शेजारीण, म्हणजे मध्ये एक खाडी आणि मोजायचा कंटाळा येईल इतकी फाटकं. तिचा नवरा गेल्यापासून मी दर आठवड्याला तिच्याकडे सकाळच्या चहा-केकला जातो आणि लोकरीच्या प्रतीबद्दल बोलून परत येतो. ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द तिला सांगायचे असं ठरवून मंगळवारी निघालो. (ते सांगायचा मला हक्क आहे का, हा प्रश्न वाटेत तीनदा पडला. तिसऱ्यांदा रस्त्यावरचं लक्ष उडालं.) जीप पीटच्या, म्हणजे कुजलेल्या गवताच्या दलदलीच्या, चिखलात आसापर्यंत रुतली. तीसुद्धा कुठे, तर घाणेरड्यांच्या टेकाडाला अगदी खेटून.

बाहेरचे पाहुणे या समुद्रपक्ष्यांना मोठे पेट्रेल म्हणतात. पण पिंपाएवढं अंग, चोचीवर नळी आणि रागावले की अंगावर ओकलेलं कुजकं तेल, याला आपल्या लोकांनी दिलेलं नावच शोभतं. उन्हाळ्यात पिल्लं असताना त्यांच्या जवळ जायचं नाही, हे सगळ्या बेटाला मीच बजावत असतो. माणूस दिसला की मोठे पक्षी घरटं सोडतात आणि मागे टपलेले शिकारी स्कुआ पक्षी पिल्लू उचलून नेतात. जोडप्याला वर्षाकाठी एकच पिल्लू. म्हणजे उतरलो तर पातक आणि नाही उतरलो तर आयोना गेली. मी बसून राहिलो. (हा विवेक होता की भित्रेपणा, याचा निकाल अजून लागलेला नाही.)

बसल्या बसल्या सराव म्हणून मी समोरच्या घरट्यावरच्या मादीशी बोलू लागलो. बाई, म्हटलं, तुमचं बरं आहे. नवरा किनाऱ्यावरची मेलेली सील फाडतो, तुम्ही दूर समुद्रावर माकुळ आणि मासे धरता, एकाच ताटावरून भांडण नाही. तुमची पोरं पंख फुटले की पश्चिमेच्या वाऱ्यावर बसून पार न्यूझीलंडपर्यंत जातात, दक्षिणेचे सगळे समुद्र पालथे घालतात, पण वर्षांनी का होईना, घरटं बांधायला पुष्कळशी इथेच परततात. पक्षी मोजणाऱ्यांनी पायात घातलेल्या कड्यावरून ओळखू येतात. आयोनाच्या पायात कोण कडं घालणार? आणि मग, आत्या, मी आयोनाच्या हातांबद्दल, हसण्याबद्दल आणि तिच्या रानबेरीच्या जॅमबद्दल जे जे बोललो ते इथे लिहवत नाही. लिहायची गरजही नाही, कारण तू ते ऐकलंच आहेस. जीपमधल्या रेडिओचं बोलायचं बटण मी तिच्यासाठी नेत असलेल्या केकच्या डब्याखाली दाबलेलं राहिलं होतं. स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवून आपण सगळे एकमेकांचं ऐकतो, ही आपली जुनी रीत. आणि माझंच बटण दाबलेलं असल्यामुळे मला ‘गप्प बस’ म्हणायची कुणाला सोय नव्हती.

थोड्या वेळानं आयोना तिचा ट्रॅक्टर घेऊन आली. दोर बांधायला मला उतरावंच लागलं. मादी जागची हलली नाही, पिल्लू वाचलं. तिनं फक्त माझ्यावर नेम धरून ओकलं, छातीपासून बुटांपर्यंत.

आयोनानं ट्रॅक्टर सुरू केला. मी ओढला जात होतो, म्हणून प्रत्येक फाटकाला उतरून ते उघडायचं काम माझ्याकडे. शेवटच्या फाटकाशी तिनं ट्रॅक्टर थांबवला.

“पाखराला एवढं सगळं सांगितलंस,” ती म्हणाली, “माझ्यासाठी काही शिल्लक आहे का रे?”

आत्या, हीच ती वेळ. मी तोंड उघडलं.

“तुझ्या या फाटकाची बिजागरी सैल झाली आहे,” मी म्हणालो.

तिनं खाली उतरून बिजागरी हलवून पाहिली. मग म्हणाली, “आता ती नव्या मालकाची.” वास तिच्याकडे येऊ नये म्हणून वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवून तिनं मला चहा दिला, अंगणात. तेव्हापासून तीनदा अंघोळ केली. कुत्रा अजून घरात यायला तयार नाही. आयोनाच्या जागी मी असतो तर मीही न्यूझीलंडलाच गेलो असतो. सगळं संपलं, आत्या.

तुझा अभागी,
फ्रेझर

ता.क. शनिवारच्या विमानाआधी आयोना शुक्रवारी तुझ्याकडे मुक्कामाला आहे. तिला अडवू नकोस. तिचा निर्णय तिचा आहे.

ता.क. २. इकडून तुमच्या स्टॅन्ली गावाला जो जाईल तो सगळ्यांचं टपाल नेतो, तेव्हा हे पत्रही तीच आणते आहे. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही. पण ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तिचा हाच एक दोष. म्हणून चष्मा सापडत नाही असं सांग आणि हे तिच्याकडून मोठ्यानं वाचून घे. अर्ध्यात थांबली तर खोकला काढ.

ता.क. ३. आयोना, जाऊ नकोस.