मडमसाहेबांच्या बारा कुंड्या

रत्नागिरी, ६ नोव्हेंबर १९३२, रविवार. सकाळी ८.
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. साहेबांच्या बंगल्यावरचा केरू माळी बैलगाडीतून क्रोटनच्या बारा कुंड्या घेऊन आला. मडमसाहेबांनी पाठवल्या म्हणाला. साहेब आणि मडम उद्या टूरवर निघतात ते जानेवारीत परत. म्हणजे तोवर कुंड्या माझ्या ताब्यात. कचेरीत एकोणीस माणसं, पण विश्वास टाकला तो हेडक्लार्कवर!

योग कसा जुळतो पाहा. ३१ जानेवारीला मला पंचावन्न पूर्ण होतात. एक वर्षाच्या एक्स्टेन्शनचा अर्ज गेल्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर गेलाय. कुंड्या हिरव्यागार परत गेल्या की ऑर्डर आलीच म्हणून समजा.

केरू म्हणाला, दुसऱ्या झाडांपासून लांब ठेवा. कळलं. मडमच्या झाडांनी आमच्यातुमच्या झाडांत मिसळू नये! आणखी काही सांगणार होता, पण त्याला वाटेला लावलं. पोटात दुखत असणार, दुसरं काय. कुंड्या जास्वंदीच्या कुंपणालगत ओळीने मांडल्या. तिथून रस्त्यावरच्या माणसालाही दिसतात.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून स्वतः पाणी घालायचं. दर सोमवारी मडमसाहेबांना टूरच्या मुक्कामी रिपोर्ट.

७ नोव्हेंबर.
जाग साडेसातला. पाणी सौ.ने घातलं होतं. देखरेख मी केली.

१४ नोव्हेंबर.
पहिला रिपोर्ट रवाना, चार पानं, इंग्रजीत. कचेरीतच लिहिला. घरी एकाग्रता होत नाही. तीन फायली उद्यावर गेल्या, पण फायली कुठे पळून जातात?

शेजारचा लवू सारखा कुंपणावरून बघत असतो. हा आमच्या कचेरीत सेकंड क्लार्क. मी गेलो तर खुर्ची त्याची. बिचाऱ्याला फार आशा आहे. मन मोठं करून त्याला क्रोटनची एक फांदी दिली. मग इतरांनी काय पाप केलंय? कचेरीत सगळ्यांना एकेक नेऊन दिली. लवूने विचारलं, पानांना मागून हे काय चिकटलंय? म्हटलं, उच्च जातीची झाडं अशीच असतात.

२० नोव्हेंबर, रविवार.
चष्मा लावून पाहिलं. पानांच्या पाठीमागे, शिरेला धरून, तपकिरी, चपटं, गोल काहीतरी. नखाने काढलं तर निघतं. हलत नाही, चालत नाही. पाय नाहीत. म्हणजे किडा नव्हे.

दुपारी पडल्यापडल्या उलगडा झाला. खवले! माशांचे खवले! सौ. रोज मासळीचं धुवण कुंपणाच्या मुळाशी ओतते. म्हणते त्याने जास्वंद फुलते. तेच उडून पानांना चिकटले. एवढी साधी गोष्ट, पण दिसायला डोळे लागतात.

घरात जाहीर केलं : आजपासून कुंड्या परत जाईपर्यंत मासळी बंद. सौ. पोळपाटावरून हात न उचलता म्हणाली, "आठवडाभर घरात मुशी शिजतेय. मुशीला कुठले आले खवले?"

प्रश्न बरोबर होता. तरी बंदी कायम ठेवली. घरात शिस्त हवी.

२३ नोव्हेंबर.
सकाळी मैना पाटी घेऊन दारात आली. ही आमची नेहमीची कोळीण. बंदीचं कारण ऐकून पाटी खाली ठेवली आणि तडक कुंड्यांकडे गेली. एक खवला नखावर घेऊन चिरडला. आतून पिवळं पाणी आलं. "भाव, ह्यो जीव हाय. आमच्या माडाला पन लागतो," म्हणाली.

तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. मासळी विकणारी बाई मासळीचीच बाजू घेणार. पाटीतला तांबोसा ताजा होता. डोळे मिटून आत आलो.

२८ नोव्हेंबर.
तिसरा रिपोर्ट. पानांवर तुपासारखी तुकतुकी आली आहे, तेही कळवलं. सौ. म्हणते हा चिकटा. बायकांना चकाकणाऱ्या वस्तूत काही कळत नाही असं म्हणवत नाही, पण हे दागिने नव्हेत.

मडमसाहेबांचं उत्तर एकालाही नाही. पूर्ण भरवसा असला म्हणजे माणूस उत्तर देत नाही.

३० नोव्हेंबर.
आनंदाची बातमी. मुंग्या आल्या! खाली-वर रांगच रांग. खवल्याच्या वासाने आल्या, आता एकेक उचलून नेतील. मासा साफ करताना ओट्यावर हेच होतं. सृष्टीत सगळी व्यवस्था असते, फक्त उत्तेजन द्यावं लागतं. प्रत्येक कुंडीत चिमूटभर साखर घातली. मुंग्यांना साखर घातल्याचं पुण्य वेगळंच. कुंडीतून कुंडीत जायला त्यांना सुतळीही बांधून दिली.

४ डिसेंबर, रविवार.
लवूकडे सहज गेलो होतो. पानावर सुरमई आली. नको म्हणणं शोभलं नसतं. बंदी माझ्या घरात आहे, लवूच्या नाही.

११ डिसेंबर.
खवले वाढले. मुंग्या दुप्पट, तरी खवले चौपट. आज खरा गुन्हेगार सापडला. मसुरीच्या डाळीएवढे तांबडे किडे, पाठीवर काळे ठिपके. खवल्यांवरच बसलेले असतात. हेच खवले पसरवतात. खवले माशांचे असताना किडे कसे पसरवतात हा मुद्दा आहे, तो नंतर पाहू. आधी कारवाई. एकशे चाळीस किडे वेचून घासलेटात बुडवले. पाठ मोडून गेली.

सौ. म्हणाली, ते खवलेच खात होते. मी काल तासभर बसून बघितलं.

तासभर बसून बघायला वेळ मिळतो, हे माहीत नव्हतं.

१८ डिसेंबर.
चिकट पानांवर काजळी धरली. बारापैकी सात कुंड्या काळ्या. लवूच्या चुलीचा धूर असणार. ओली लाकडं जाळतो.

कुंपणाची जास्वंद पण काळवंडली. सौ. दुपारी रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसत बसते. तिला म्हटलं, त्यापेक्षा क्रोटन पुस. म्हणाली, क्रोटनला देवाच्या पूजेचं फूल येतं का? आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रात्री झोप लागेना. एक्स्टेन्शन नाही मिळालं तर? तीस वर्षं सकाळी दहाला त्या खुर्चीत बसलो. भलतेसलते विचार.

२६ डिसेंबर.
नाताळची सुट्टी. लवूने पुण्याहून शेतकी खात्याचं पत्रक मागवून दिलं. वास्तविक मीच मागवणार होतो. त्यात लिहिलंय की ही खवल्यांचीच कीड. मादीला पाय नसतात, एका जागी चिकटून रस पिते. म्हणजे माझं खवल्यांचं निदान अर्धं बरोबर ठरलं. प्रयोग पूर्ण झाल्यामुळे मासळीबंदी उठवली. सौ.ने मैनाला हाक मारली.

औषध : साबण, पाणी आणि थोडं घासलेट. ढवळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारायचं.

विचार केला. साबण धुण्यासाठी असतो, मारण्यासाठी नव्हे. पाण्याने जोर कमी होतो. मारतं ते घासलेटच. मग निर्भेळच का नको?

२७ डिसेंबर. दुपारी १२.
कडक उन्हात बाराही कुंड्यांना पिचकारीने निर्भेळ घासलेट. किडे जागच्या जागी खलास. विजय.

३० डिसेंबर.
पानं गळताहेत. जुनी पानं जाऊन नवी येणार, निसर्ग आहे.

२ जानेवारी १९३३.
नववर्षाचा संकल्प : पहाटे पाचला उठणे. (उद्यापासून.)

पत्रक उलटल्यावर मागेही मजकूर आहे असं आढळलं. मुंग्या या किडीच्या राखणदार असतात, तिच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट्यासाठी तिला जपतात, त्यांची वाट तोडावी. तांबडे ठिपकेवाले किडे हे मित्र, त्यांना मारू नये. कीड लागलेली फांदी कोणाला देऊ नये, कीड बागेतून बागेत जाते.

खात्याने महत्त्वाचा मजकूर पाठच्या पानावर छापायला नको होता.

८ जानेवारी.
बारा कुंड्यांत मिळून पानं : पाच. रिपोर्टात लिहिलं की झाडं सध्या विश्रांती घेत आहेत.

२० जानेवारी.
साहेब आले. सकाळीच कुंड्या गाडीत घालून बंगल्यावर गेलो. काड्यांना ओलं फडकं मारलं होतं. मडमसाहेब घोड्यावर गेल्या होत्या. केरू फाटकात आडवा आला. कुंड्या आत नेईना.

म्हणाला, "मडमनं तवाच सांगितलान, ह्या बाराना कीड हाय, जाळून टाक, न्हायतर सगली बाग जाईल. माजा जीव न्हाय झाला. मग तीच बोलली, हेडक्लार्कला झाडांची हौस हाय, देऊन टाक त्याला. मी तुमाला सांगणार व्हतो. तुमी आयकलंव न्हाय."

गाडी तशीच मागे वळवली. वाटेत गाडीवानाने विचारलं, कुंड्या कुठे टाकायच्या? म्हटलं, घरीच घे.

२३ जानेवारी.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझे दहा रिपोर्ट, दोरीने बांधलेले. प्रत्येकावर सोमवारची तारीख, आणि कागद कचेरीचा. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, इतकी आवड असलेल्या माणसाला आणखी एक वर्ष फायलींत डांबणं अन्याय होईल. अर्जावर नामंजुरीची सही करून लवूला बोलावून घेतलं.

बाहेर येऊन शिपायाच्या बाकावर बसावं लागलं. जिना चढल्यामुळे. (केबिन तळमजल्यावर आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

३१ जानेवारी, मंगळवार. रात्री.
निरोपसमारंभ झाला. अध्यक्ष लवू. चांगला बोलला. भाऊसाहेबांनी प्रत्येकाच्या दारात आपली आठवण लावून दिली आहे म्हणाला. लोक हसले. का हसले ते विचारलं नाही.

हार घातला तो कागदी फुलांचा. शिपाई कानाशी येऊन म्हणाला, रागावू नका भाऊसाहेब, अख्ख्या आळीत जास्वंदीचं एक फूल मिळालं नाही. सगळ्या कुंपणांना कसलीतरी कीड पडलीय. यंदा माघी गणपतीलाही लोकांनी नुसत्या दूर्वा वाहिल्या. ही कीड कोणी आणली देव जाणे.

मला बोलायला उभं केलं. चार पानी भाषण खिशात होतं. काढलं नाही. सगळे आपापल्या बागेचे मालक समोर बसले होते आणि मला लाज वाटली. एवढंच म्हणालो की तब्येत सांभाळा.

घरी आल्यावर सौ.ने हार काढून खुंटीला लावला आणि उद्या किती वाजता जेवणार ते विचारलं. तीस वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. साडेनऊला माझं पान वाढलेलं असे.

तुला सोयीचं असेल तेव्हा, म्हणालो.